अणुबाँबची बखर : एका प्रसिद्ध लेखाचें साधनपरीक्षण

‘हार्पर्स मॅगझीन’ या अमेरिकन मासिकाच्या फेब्रुवारी १९४७ च्या अंकांत हेन्री स्टिम्सन यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्याच्या मथळ्याचा अर्थ ‘अणुबाँब वापरण्याचा निर्णय’ असा होतो. स्टिम्सन हे १९४० च्या जुलैपासून १९४५ च्या सप्टेंबरपर्यंत अमेरिकेचे युद्धमंत्री होते, आणि हिरोशिमा व नागासाकी या शहरांवर बाँब पडले ते त्यांच्याच कारकीर्दींत. सबब या विषयावर बोलण्याचा त्यांचा अधिकार मोठा होता यांत संशय नाहीं. बाँब टाकला नसता तर जपानवर स्वारी करावी लागली असती, तींत एकट्या अमेरिकन सैन्याची हानि दशलक्षाहून अधिक झाली असती, आणि म्हणून बाँब टाकणें हाच कमी संहाराचा मार्ग होता, असा त्या लेखाचा इत्यर्थ आहे. लेख प्रसिद्ध होऊन पाऊणशेंहून अधिक वर्षें लोटलीं. अणुबाँबच्या समर्थनार्थ आजवर जें लिहिलें वा बोललें गेलें, त्याचा पुष्कळसा भाग या एका लेखाची नक्कल आहे. प्रस्तुत ठिकाणीं ऐतिहासिक साधन या नात्यानें त्याचें परीक्षण करण्याचा विचार आहे.

दप्तरें, शिलालेख व पोथ्या यांत रमणाऱ्या वाचकांपैकीं कित्येकांस हा विषय परका वाटेल. परंतु विषय नवा असला तरी त्यांतील प्रश्न जुनाच आहे. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हां त्याच्या प्रस्तावनेंत बखरींची अस्सल पत्रांशीं ताडणी करून बखरकारांच्या विधानांचा फोलपणा उघड केला. प्रसंग घडत असतां लिहिलेला कागद निराळा, आणि प्रसंग उरकल्यावर, त्याचा परिणाम ठाऊक झाल्यावर, समर्थनाच्या हेतूनें लिहिलेली हकीकत निराळी, हा विवेक आपण त्यांच्यापासून शिकलों. तोच विवेक येथें वॉशिंग्टनच्या दप्तरास लावावयाचा आहे.

शिवाय या परीक्षणाचें फळ केवळ पांडित्याचें नाहीं. वतनाच्या तंट्यांत खोटी सनद पुढें आली तर एका घराण्याचें नुकसान होतें. येथें ज्या सनदेचा विचार करावयाचा, तिच्या बळावर अवघ्या मनुष्यजातीच्या डोक्यावर टांगती तलवार राहिली आहे. स्टॉकहोम येथील शांतता-संशोधन संस्थेच्या गणनेप्रमाणें जानेवारी २०२५ मध्यें नऊ राष्ट्रांपाशीं मिळून सुमारें १२,२४१ अण्वस्त्रें होतीं, आणि त्यांतील सुमारें २,१०० क्षेपणास्त्रांवर चढवून तत्काळ सोडण्याच्या तयारींत ठेवलेलीं होतीं. पोखरण येथें १९७४ व १९९८ सालीं झालेल्या चाचण्यांनंतर आपलाही देश त्या नऊंत मोडतो. हीं अस्त्रें प्राण वाचवितात, हा जो समज सर्वत्र रूढ आहे, त्याचें मूळ शोधीत गेल्यास आपण स्टिम्सन यांच्या लेखापाशीं येऊन पोंचतों.

प्रथम लेखाचे गुण सांगणें न्यायाचें होईल. स्टिम्सन हे व्यवसायानें वकील. त्यांची भाषा संयत आहे. विजयाचा उन्माद किंवा शत्रूची निर्भर्त्सना तींत नाहीं. क्योटो हें जपानचें प्राचीन विद्याकेंद्र लक्ष्यांच्या यादींतून आपण वगळविलें, हें ते सांगतात. लक्ष्य निवडतांना कारखाना किंवा लष्करी ठाणें आणि त्याभोंवतींचीं घरें अशा दुहेरी स्वरूपाचें स्थळ पसंत करावें, अशी शिफारस त्यांच्या समितीनें केली होती, हेंही ते लपवीत नाहींत. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, २५ एप्रिल व २ जुलै १९४५ या तारखांचीं आपलीं दोन टिपणें त्यांनीं लेखांत छापलीं आहेत. बखरींत अस्सल पत्राची नक्कल समाविष्ट असावी, तसा हा प्रकार आहे. अर्थात् लेखाचे दोन थर पडतात : टिपणें हा १९४५ चा थर, आणि त्यांना जोडणारें निवेदन हा १९४७ चा थर. लेख उद्धृत करणारे बहुतेक लोक या दोहोंची सरमिसळ करतात. आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो.

आतां १९४७ चा थर कसा तयार झाला तें पाहूं. जुलै १९४६ मध्यें अमेरिकन सरकारनेंच नेमलेल्या बाँबहल्ला-पाहणी मंडळानें असें मत दिलें कीं, बाँब पडले नसते, रशिया युद्धांत उतरला नसता व स्वारीही झाली नसती, तरी जपान १९४५ साल संपण्यापूर्वीं शरण आला असता. पुढें ३१ ऑगस्ट १९४६ रोजीं ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकानें आपला संपूर्ण अंक जॉन हर्सी यांच्या हिरोशिमा-वृत्तांतास दिला, आणि सहा जीवंत राहिलेल्या मनुष्यांची कहाणी अमेरिकन घराघरांत गेली. लोकमत डळमळूं लागलें हें पाहून हार्व्हर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष व बाँबविषयक समितीचे सभासद जेम्स कोनन्ट यांनीं, कोणीतरी अधिकारी पुरुषानें उत्तर द्यावें, अशी खटपट केली, आणि स्टिम्सन यांचें नांव पुढें आलें. ते त्या वेळीं वृद्ध व आजारी होते. त्यांच्या आत्मचरित्राच्या कामास मदत करणारे तरुण मॅकजॉर्ज बंडी यांनीं मसुद्याचें बरेंचसें काम केलें. बाँबनिर्मितीचे लष्करी प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज व इतर संबंधितांनीं माहिती व सूचना पुरविल्या. म्हणजे एका थोर पुरुषाच्या नांवानें, अनेक हातांनीं, आक्षेपांस उत्तर म्हणून रचलेली ही हकीकत आहे. बखरीचीं सर्व लक्षणें येथें जुळतात. एवढ्यानें ती खोटी ठरत नाहीं. मात्र तिच्यांतील प्रत्येक विधान ताडून घेणें प्राप्त होतें.

पहिलें विधान दशलक्षाचें. २ जुलै १९४५ च्या टिपणांत, जपानी भूमीवरील लढाई दीर्घ व महाग पडेल असा इशारा आहे. दशलक्षाचा आंकडा मात्र त्यांत नाहीं. तो १९४७ च्या निवेदनांत प्रथम येतो. समकालीन कागदांकडे वळावें तर १५ जून १९४५ च्या संयुक्त युद्धयोजना समितीच्या टिपणांत, प्रथम दक्षिण क्यूशू व नंतर टोकिओनजीकचें मैदान अशी स्वारी धरून ठार ४०,०००, जखमी १,५०,००० व बेपत्ता ३,५००, एकूण १,९३,५०० असा अजमास दिलेला आढळतो. तीन दिवसांनीं, १८ जून रोजीं, राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्यापुढें स्वारीचा विचार झाला, त्या वेळीं सरसेनापति मार्शल यांनीं पहिल्या तीस दिवसांची हानि लुझॉन बेटावर झालेल्या हानीहून अधिक होऊं नये, असें मत दिलें. लुझॉनची हानि ३१,००० धरलेली होती.

येथें शब्दार्थाचा एक मुद्दा ध्यानांत घ्यावा. इंग्रजींतील ‘कॅज्युअल्टी’ या शब्दांत ठार, जखमी व बेपत्ता या तिहींचाही अंतर्भाव होतो. स्टिम्सन यांनीं हाच शब्द वापरला आहे. पुढील नकलांत त्याच्या जागीं ‘प्राण’ हा शब्द बसला, आणि ‘दशलक्ष हानि’ याचे ‘दशलक्ष प्राण’ झाले. पोथ्यांची ताडणी करणारांस लेखकप्रमादाचा हा प्रकार नवा नाहीं. येथें मात्र एका शब्दाच्या फेरानें लक्षावधि मृतांची भर पडली.

ट्रूमन यांच्या पत्राची हकीकत याहून बोधप्रद आहे. अमेरिकन हवाईदलाचा इतिहास लिहिणारे प्राध्यापक जेम्स केट यांनीं त्यांस निर्णयाविषयीं विचारलें. ट्रूमन यांच्या मूळ मसुद्यांत अडीच लक्ष हानीचा आंकडा होता. तो स्टिम्सन यांच्या प्रसिद्ध लेखाशीं जुळत नाहीं असें कचेरींतील मंडळींच्या ध्यानांत आलें. तेव्हां १२ जानेवारी १९५३ च्या पत्रांत ‘अडीच लक्ष, कदाचित् दशलक्षपर्यंत’ अशी दुरुस्ती होऊन तें गेलें, आणि इतिहासग्रंथांत छापलें गेलें. ट्रूमन यांनीं १९५५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींत तर पांच लक्ष अमेरिकन प्राणांची भाषा आहे. कै. सुकथनकर यांनीं महाभारताच्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेंत (१९३३) प्रतींच्या परस्परसंबंधाचें जें शास्त्र मांडलें, त्याच्या आधारें पाहतां, स्टिम्सन व ट्रूमन हे दोन स्वतंत्र साक्षीदार उरत नाहींत. दुसरी प्रत पहिलीवरून सुधारून घेतलेली आहे, आणि दोहोंची साक्ष एकाच साक्षीची किंमत धरते.

दुसरी बाजू सांगितल्यावांचून हें विवेचन एकांगी होईल. माजी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनीं मे १९४५ मध्यें पांच ते दहा लक्ष प्राणहानीचा अंदाज सरकारास कळविला होता, आणि जुलै महिन्यांत युद्धखात्यासाठीं विल्यम शॉकली या शास्त्रज्ञानें त्याच धर्तीवर मोठे आंकडे मांडले. ओकिनावाची लढाई नुकतीच संपली होती, आणि क्यूशूंत जपानी फौज अपेक्षेबाहेर वाढत आहे हें गुप्त संदेशांवरून जुलैअखेर कळत होतें. सबब मोठ्या हानीचें भय समकालीन होतें, तें मागाहून उत्पन्न केलेलें नव्हतें, असें म्हणणाऱ्या इतिहासकारांचा पक्ष अगदींच निराधार नाहीं. परंतु भय असणें ही एक गोष्ट, आणि निश्चित आंकडा समोर ठेवून, पर्याय तोलून, निर्णय घेतला असें सांगणें ही दुसरी. लेखाचा दावा दुसऱ्या गोष्टीचा आहे, व त्यास समकालीन कागदाचें पाठबळ मिळत नाहीं.

किंबहुना मथळ्यांतील ‘निर्णय’ हा शब्दच शंकास्पद आहे. मूळ हुकूम २५ जुलै १९४५ चा, जनरल हँडी यांच्या सहीचा, जनरल स्पाट्झ यांस दिलेला. सुमारें ३ ऑगस्टनंतर हवा अनुकूल होतांच हिरोशिमा, कोकुरा, नीगाता व नागासाकी यांपैकीं एका ठिकाणीं पहिला बाँब टाकावा, आणि पुढील बाँब जसजसे तयार होतील तसतसे टाकीत जावे, असा त्याचा आशय आहे. नागासाकीसाठीं स्वतंत्र विचार, स्वतंत्र हुकूम असें कांहीं झालेंच नाहीं. १० ऑगस्ट रोजीं ट्रूमन यांनीं आपल्या आज्ञेवांचून यापुढें बाँब टाकूं नये असें फर्माविलें. तोंपर्यंत यंत्र आपल्या गतीनें चाललें होतें. आणखी नवल असें कीं, ज्या २५ जुलैस तो हुकूम निघाला, त्याच तारखेस ट्रूमन यांनीं आपल्या रोजनिशींत, लक्ष्य लष्करी असावें, स्त्रिया व मुलें नसावीं, असें स्टिम्सन यांस बजावल्याची नोंद केली. ती नोंद १९७९ नंतर उजेडांत आली. हिरोशिमा व नागासाकी या दोन शहरांत १९४५ अखेर अनुक्रमें सुमारें १,४०,००० व ७०,००० माणसें मेलीं, व त्यांत बहुसंख्य नागरिक होते. रोजनिशीची नोंद आणि त्याच दिवसाचा हुकूम शेजारीं ठेवून वाचले असतां, आज्ञा देणाऱ्यासच आपण काय देत आहों याची पुरती कल्पना होती कीं नाहीं, अशी शंका येते. ती शंका आजही मिटलेली नाहीं. कारण अमेरिकेंत अण्वस्त्रें सोडण्याची आज्ञा देण्याचा अधिकार एकट्या राष्ट्राध्यक्षाच्याच हातीं आहे.

लेखांत जें गाळलें आहे तेंही पाहिलें पाहिजे. जपानच्या राजघराण्यास धक्का लागणार नाहीं असें सूचित केल्यास शरणागति सुलभ होईल, हें स्टिम्सन यांचें मत २ जुलैच्या टिपणांत स्पष्ट आहे. २६ जुलैच्या पॉट्सडॅम जाहीरनाम्यांतून तें आश्वासन गळलें. तें कां गळलें, याचा समाधानकारक खुलासा लेखांत नाहीं. पुढल्याच वर्षीं, १९४८ मध्यें, बंडी यांच्या साह्यानें निघालेल्या आत्मचरित्रांत मात्र स्टिम्सन यांनीं, अमेरिकेनें आपली भूमिका सांगण्यास उशीर लावल्यामुळें युद्ध लांबलें असा निवाडा इतिहास देऊं शकेल, असें मान्य केलें आहे. एकाच ग्रंथकाराच्या दोन पाठांत एवढा भेद असतां, लोकांनीं पहिलाच पाठ घेतला. रशियाविषयींचें मौनही असेंच आहे. स्टिम्सन यांच्या येल विद्यापीठांतील रोजनिशींत मे व जून १९४५ मध्यें, रशियाशीं करावयाच्या वाटाघाटींत बाँबचा प्रभाव काय पडेल, याची चर्चा आहे; लेखांत तिचा मागमूस नाहीं.

जपानच्या बाजूचे दोन कागद येथें ताडून पाहण्याजोगे आहेत. सम्राटाचें १५ ऑगस्टला ध्वनिक्षेपित झालेलें फर्मान प्रजेस उद्देशून होतें, व त्यांत नव्या क्रूर बाँबचा उल्लेख आहे. दोन दिवसांनीं, १७ ऑगस्टला, सैन्यास उद्देशून निघालेल्या फर्मानांत बाँबचें नांव नाहीं. तेथें रशियाच्या युद्धप्रवेशाचें कारण दिलें आहे. शरणागतीस बाँब कारण कीं रशिया, यावर विद्वानांत अद्यापि वाद आहे, आणि दोन्ही आघात एकाच आठवड्यांत झाल्यामुळें त्यांची फारकत करणें अवघड आहे. केवळ बाँबनें युद्ध संपविलें, हें निःशंक विधान मात्र कागदावर टिकत नाहीं.

अणुयुगाची दुसरी मोठी आख्यायिका १९६२ च्या क्यूबा-प्रकरणाची. तिचीही परीक्षा याच कसोटीवर होते. रॉबर्ट केनेडी यांचें ‘तेरा दिवस’ या अर्थाच्या नांवाचें पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९६९ सालीं निघालें. राष्ट्राध्यक्षानें दृढता दाखविली म्हणून रशियानें माघार घेतली, असा बोध जगानें त्यावरून घेतला. पुढें १९८९ सालीं मॉस्को येथील परिषदेंत, त्या पुस्तकाचें संपादन करणारे थिओडोर सोरेन्सन यांनीं कबूल केलें कीं, तुर्कस्तानांतील अमेरिकन क्षेपणास्त्रें काढून घेण्याचा गुप्त सौदा मूळ रोजनिशींत स्पष्ट होता, व तो आपण गाळला. ती क्षेपणास्त्रें १९६३ च्या वसंतांत खरोखरच हलविलीं गेलीं. म्हणजे त्या वेळीं जग वांचलें तें दृढतेइतकेंच देवघेवीमुळें. आणि देवघेवीचा भाग वीस वर्षें वाचकांपासून दूर ठेवला गेला. १९४७ च्या मसुद्याचे लेखक बंडी हे या संकटाच्या वेळीं राष्ट्राध्यक्षांचे सुरक्षाविषयक सल्लागार होते. त्यांनींच १९८८ सालच्या आपल्या ग्रंथांत, स्टिम्सन यांच्या लेखानें पूर्वविचाराविषयीं वाजवीपेक्षां अधिक दावा केला, असें म्हटलें. मसुदा लिहिणाराची ही कबुली असल्यामुळें तिचें मोल मोठें आहे.

या दोन बखरींनीं राज्यकर्त्यांस दोन धडे शिकविले : बाँब प्राण वाचवितो, आणि बाँब पाठीशीं असतां न वांकणारा जिंकतो. आजच्या मुत्सद्द्यांच्या बोलण्यांतून हेच दोन धडे ऐकूं येतात. अमेरिका व रशिया यांच्या मोठ्या पल्ल्याच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा करार २०१० सालीं झाला, त्याची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतची होती. अण्वस्त्रांवर सर्वस्वी बंदी घालणारा तह १२२ राष्ट्रांनीं २०१७ सालीं संमत केला व तो २०२१ पासून अमलांत आला. परंतु अस्त्रें बाळगणारें एकही राष्ट्र त्यांत सामील झालें नाहीं. सनद खरी मानली जाते तोंवर वतन सोडावयास कोणीही तयार होत नाहीं, हें आपल्या इतिहासांत आपण पदोपदीं पाहिलें आहे.

मग स्टिम्सन यांच्या लेखाचें मोल काय ठरवावें ? निवेदनाचा थर बखरीच्या किंमतीनें घ्यावा, आणि टिपणांचा थर अस्सल म्हणून जपावा. २५ एप्रिलच्या टिपणांत त्यांनीं ट्रूमन यांस सांगितलें आहे कीं, यंत्रविद्येच्या मानानें जगाची नैतिक उन्नति इतकी मागें आहे कीं शेवटीं जग या अस्त्राच्या तावडींत सांपडेल. हिरोशिमानंतर, ११ सप्टेंबर १९४५ रोजीं, त्यांनीं दुसरें एक टिपण लिहून, बाँब कमरेस लावून रशियाशीं बोलणीं केल्यास अविश्वास वाढेल, म्हणून थेट त्याच्याशींच नियंत्रणाचा करार करावा, अशी शिफारस केली. तें टिपण १९४८ च्या आत्मचरित्रांत आहे. १९४७ च्या लेखांत नाहीं. ज्या पुरुषाच्या नांवावर बाँबचें समर्थन चालतें, त्याचीं सर्वांत शहाणीं वाक्यें बाँबच्या भयाविषयींचीं आहेत, आणि तीं त्यानें निर्णयाच्या आगेंमागेंच, ताज्या शाईनें लिहिलीं आहेत.

जपान सरकारच्या गणतीप्रमाणें मार्च २०२५ अखेर बाँबहल्ल्यांतून वांचलेल्या नोंदणीकृत मनुष्यांची संख्या ९९,१३० होती, व त्यांचें सरासरी वय छ्याऐशीं वर्षांवर गेलें होतें. त्यांच्या संघटनेस २०२४ चें नोबेल शांतता-पारितोषिक मिळालें. आणखी कांहीं वर्षांनीं प्रत्यक्ष पाहणारा एकही मनुष्य उरणार नाहीं, आणि पुढील पिढ्यांस केवळ कागदावर विसंबावें लागेल. त्या वेळीं त्यांच्या हातीं अस्सल कागद पडावा कीं बखर, हें आज साधनें जपणाऱ्यांच्या, ताडणाऱ्यांच्या व छापणाऱ्यांच्या हातीं आहे. वाचलेल्यांच्या जबान्या, रुग्णालयांच्या नोंदी, समित्यांचीं टिपणें आणि हुकुमांच्या प्रती यांचे चिकित्सक संग्रह मराठींत उतरविण्याचें काम अद्यापि व्हावयाचें आहे. तें कोणी संशोधक अंगावर घेईल तर पानिपतच्या पत्रव्यवहाराइतकीच त्याचीही किंमत होईल, असें आम्हांस वाटतें.